लाल खुणेची वाट

"हे तुझ्यासाठी," नकाशावर बोट ठेवत हे म्हणाले. "तळ्याभोवती. साडेचार किलोमीटर, सगळं सपाट. हिरवी खूण."

"आणि तुम्ही?"

"मी वर जाऊन येतो."

नॉर्वेतल्या त्रोंडहाइममधल्या आमच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी सकाळी एवढं बोलणं व्हायचंच. पोह्यांच्या बशा बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला जायचा. गावामागे मोठं रान होतं आणि हिवाळ्यात त्यात स्कीच्या वाटा आखलेल्या असायच्या. यंत्र फिरवून बर्फात दोन समांतर चर पाडून ठेवत. त्या चरांत स्की घालायच्या आणि काठ्या रोवत सरकत जायचं. डोंगरावरून भन्नाट सुटायचं ते स्कीइंग वेगळं. हा आपला फिरायला जाण्याचाच प्रकार, फक्त पायांत दोन लांब पट्ट्या. वाट सुरू होते तिथे खांबावर रंगाची खूण असायची. हिरवी नवशिक्यांची, निळी बऱ्यापैकी येणाऱ्यांची, लाल दमदार लोकांची. काळीही एक होती, पण तिच्या नादी आमच्यापैकी कुणी लागत नव्हतं.

हे लाल वाटेने जायचे. त्या वाटेच्या टोकाला, डोंगरावर, एक लाकडी झोपडी आहे, आत चूल आहे, लोक तिथे शेकत बसतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं.

"मला न्या ना एकदा वर," मी म्हणायची.

"कुमुद, तिकडे चढ आहेत. उतरताना एक वाकडं वळण आहे. तुला नाही झेपायचं." मग नकाशाची घडी घालत, "आपल्याला जमेल, सोसेल तिथेच जावं माणसाने. मजा वाटायला हवी, शिक्षा नको."

एवढं म्हणून हे माझ्या स्की मांडीवर घ्यायचे आणि बाहेरचं तापमान बघून, त्याला योग्य त्या रंगाचं मेण, कुठे कमी कुठे जास्त, असं मन लावून चोळत बसायचे. मी बार्शीची. बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावरचा, भुशात गुंडाळलेला, एवढीच माझी ओळख. असा काळजी घेणारा नवरा मिळाला म्हणून मी आईला पत्रात दोन-दोन पानं लिहीत असे.

तर आम्हाला तिथे जाऊन सहा वर्षं झाली होती. ह्यांची प्रयोगशाळेतली नोकरी चांगली होती. मूल नव्हतं, होणार नाही हे दोघांनी डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसून ऐकलं होतं आणि बसने घरी येताना दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं. त्या अख्ख्या गावात मराठी बोलणारी माणसं दोन. त्यातलं एक मी. दुसरं संध्याकाळी साडेपाचला घरी यायचं.

ह्यांच्या पायांतले बूट निघायच्या आत माझं सुरू झालेलं असे. दिवसभर साठवलेलं सगळं. शेजारणीने काय विचारलं, मला नॉर्वेजियनमध्ये काय उत्तर सुचलं नाही, बार्शीच्या पत्रात काय आलंय, कढीपत्त्याच्या रोपाला नवीन पान फुटलंय की तो भासच आहे. हे ऐकायचे. "हं" म्हणायचे. "बघू" म्हणायचे. एका मंगळवारी मी मुद्दाम मोजले, जेवण होऊन आवराआवर होईपर्यंत अकरा शब्द. त्यातला एक "मीठ" होता.

स्वभावच अबोल, असं मी स्वतःला समजावलं. चांगला माणूस होता हो. आवाज चढवणं नाही, टाकून बोलणं नाही. पण एखादं माणूस समोर बसलेलं असताना त्याची वाट बघणं फार वाईट. रविवारी हे कामाचे कागद घेऊन बसत. खरा मोकळा दिवस शनिवार, आणि त्या शनिवारी नऊला हे वर जायचे ते दीडला परत यायचे. मी तळ्याभोवती पाळणाघरातली पोरं आणि पेन्शनीतले आजोबा यांच्या मधून सरकत राहायची. परतल्यावर ह्यांचे गाल लाल झालेले असत, चेहरा उजळलेला असे. ती टवटवी संध्याकाळपर्यंत ओसरून जाई. मला वाटायचं, वर असं काय आहे? आणि वाटायचं, तिथे मी बरोबर असते, चुलीपाशी बसलो असतो, तर त्या उजळलेल्या चेहऱ्याने हे माझ्याशी बोलले असते. मला लाल वाटेचं काही पडलेलं नव्हतं. मला तो चेहरा हवा होता.

वरच्या मजल्यावर इंगेबोर्गबाई राहायच्या. सत्तरीला टेकलेल्या, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या, हाडांनी लाकडासारख्या. नोव्हेंबरात एकदा त्यांनी मला तळ्यावर पाहिलं आणि संध्याकाळी जिन्यात अडवलं.

"तू इथे का फिरतेस? बाळांबरोबर?"

"मला एवढंच जमतं," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"माझे यजमान."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पी.टी.च्या बाई बघतात तसं. "सोमवारी अकराला ये. माझ्या मुलीच्या जुन्या स्की आहेत. त्या माझ्याकडेच राहू देत."

ह्यांना सांगायचं नाही, हे माझं ठरलं. मार्चमध्ये, दिवस मोठा झाला की, एका शनिवारी ह्यांच्या मागोमाग वर जायचं आणि झोपडीचं दार उघडून समोर उभं राहायचं. चेहरा बघण्यासारखा होईल, असं मला वाटायचं आणि भांडी घासता घासता हसू यायचं.

चार महिने आठवड्यातून तीन दिवस बाईंनी मला पिळून काढलं. आधी पडायला शिकवलं. "बाजूला पड. मागे पडलीस तर माकडहाड जाईल." मग चढायला, पंजे बाहेर, टाचा आत, बदकासारखं. मग उतरायला, ते बरोबर उलट, टाचा बाहेर आणि पंजे आत, म्हणजे वेग कमी होतो. माझे गुडघे हिरवे-निळे झाले. साडीऐवजी सलवार, सलवारीऐवजी लोकरी विजार असं माझं रूपांतर झालं. ह्यांनी एकदा विचारलं, "पाय लागलाय का?" मी म्हटलं, न्हाणीघरात घसरले. "जपून," हे म्हणाले. त्या दिवसाचे शब्द मी मोजले नाहीत.

जानेवारीत निळी वाट झाली. फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, "तुझा दम चांगला आहे. तुझ्या नवऱ्याला माणसं ओळखता येत नाहीत."

"काळजी वाटते त्यांना," मी म्हटलं.

बाईंनी काठी उचलून पुढचा चढ दाखवला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, रंगीत तालीम करायचं ठरलं. शनिवारी ह्यांच्यासमोर फजिती नको, म्हणून आधी एकदा बाईंबरोबर वर जाऊन यायचं. ऊन पडलं होतं, उणे चार होतं. लाल खुणेच्या खांबापाशी मी स्कीचे बांध दोनदा तपासले. पण वाट काही मला गिळायला बसली नव्हती. चढ होते, ते चढले. मधे दोनदा थांबले. एका जागी मागे घसरत गेले आणि एका झुडपाला धरलं. पावणेदोन तासांत झाडं विरळ झाली आणि समोर झोपडी दिसली. धुराडं, दाराशी रचलेली लाकडं, आणि खाली सगळा फियोर्ड, डोंगरांत शिरलेला समुद्र, पसरलेला. मी तिथे उभी राहून चक्क रडले. बाईंनी पाठीवर दोन थापा मारल्या.

आत कुणी नव्हतं. बाईंनी चूल पेटवली. बाकावर एक जाड वही दोरीने बांधून ठेवली होती.

"ही वही," बाई म्हणाल्या, "इथवर येणाऱ्याने यात लिहायचं असतं. नाव, तारीख, हवा कशी होती. रीतच आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने तर लिहायलाच हवं." त्यांनी पानं उलटली. "आणि मला तुला एक विचारायचं होतं. हे बघ. ही तुमची अक्षरं का?"

मी पाहिलं. देवनागरी होती. ह्यांचं अक्षर, उजवीकडे कललेलं, शिरोरेघ शेवटी एका झटक्यात ओढलेली.

"मागच्या हिवाळ्यापासून कुणीतरी लिहितंय," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे म्हणतो, कुणी कवी असणार. दर शनिवारी. कधी अर्धं पान, कधी पूर्ण. नाव कधीच घालत नाही." मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, तुझा नवराच की. काय लिहितो तो? वाच ना."

मला आधी आनंदच झाला. सहा वर्षांत ह्यांच्या हातचं मराठी मी वाणसामानाच्या यादीपलीकडे पाहिलं नव्हतं. मी वही मांडीवर ओढली.

"बारा जानेवारी," मी वाचलं आणि मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये बाईंना सांगत गेले. "उणे नऊ. वाटेत कोल्हा दिसला. थांबून माझ्याकडे बघत राहिला. वाईला नदीपलीकडे कोल्हे ओरडायचे तेव्हा मी आईला चिकटायचो. आई म्हणायची, झोप, ते तुझं नाव घेत नाहीयेत."

"किती सुंदर," बाई म्हणाल्या.

सुंदरच होतं. बारा जानेवारीला संध्याकाळी मी ह्यांना विचारलं होतं, काय पाहिलंत वर? "काही नाही," हे म्हणाले होते. ह्यांची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली. कोल्ह्याची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

मी पुढचं वाचलं. हे मोठ्याने नाही. 'प्रयोगशाळेत आज सहा वर्षं झाली. मला या देशात यायचं नव्हतं, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.'

मी आले होते ती ह्यांना यायचं होतं म्हणून.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कामाबद्दल."

पानामागून पान भरलेलं होतं. बर्फावर ऊन कसं पडतं ते, मेणाचा वास, वडिलांशी झालेलं एक जुनं भांडण, शाळेतल्या एका मास्तरांची नक्कल, आणि मूल नाही त्याबद्दल चार ओळी. त्या मी आजही कुणाला सांगणार नाही. बसमध्ये खिडकीबाहेर बघताना हे काय बघत होते ते त्यात होतं. माझ्यासमोर अकरा शब्दांवर संध्याकाळ काढणारा माणूस इथे भरभरून बोलत होता, आणि मुद्दाम अशा ठिकाणी, जिथे ते वाचणारं कुणी येणार नाही. ती भाषा वाचणारं माणूस गावात एकच होतं, आणि त्याला हिरव्या खुणेच्या वाटेवर नेमून दिलेलं होतं.

मग माझं नाव आलं.

'घरी गेलो की बोलावं लागतं. कुमुद दिवसभर साठवून ठेवते. तिची चूक नाही, तिला दुसरं आहे कोण. पण दार उघडताना माझा हात कडीवर थांबतो.'

आणि त्याखाली, दोन आठवड्यांनी, 'ती तळ्यावर गेलीय. तिला वर झेपणार नाही असं मीच सांगून ठेवलंय. खरं तर सहज झेपेल, चांगली काटक आहे. पण मग हे चार तास गेले. हे चार तास आहेत म्हणून बाकीचा आठवडा मी नीट वागू शकतो.'

चुलीतली लाकडं आता धरली होती. बाई बाहेर जाऊन पातेल्यात बर्फ भरून घेऊन आल्या, तो वितळायला ठेवला आणि माझ्या शेजारी बसल्या.

"इथे तुझं नाव आहे का? तू त्या जागी थांबलीस."

"हो."

"काय म्हणतोय?"

सहा वर्षांत मला नॉर्वेजियनमध्ये खोटं बोलायची वेळ आली नव्हती. शब्द मात्र पटकन सापडले. "म्हणतात, ती इथे असती तर किती बरं झालं असतं."

बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि शनिवारी तू येणार आहेस," त्या म्हणाल्या. "वेडा माणूस. बिचारा."

त्यांनी दोरीला बांधलेलं पेन माझ्यापुढे केलं. "लिही. पहिल्यांदा आलीस."

मी 'नको' म्हणू शकले असते. हात गारठलेत, अक्षर चांगलं नाही, काहीही. नाव नॉर्वेजियन अक्षरांत घालून, तारीख टाकून मोकळी झाले असते तरी चाललं असतं. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त राग होता. छाती फुटेल असा राग, आणि त्याखाली लाज. मी दिवसभर साठवत होते याची लाज. मी पेन घेतलं आणि ह्यांच्या शेवटच्या ओळीखाली मराठीत लिहिलं, 'मला जमलं. कुमुद.'

खाली बाईंनी आपलं नाव घातलं आणि आम्ही निघालो. उतरताना त्या वाकड्या वळणावर मी पडले. बाजूला पडले, शिकवलं होतं तशी. बाई मागे येऊन थांबल्या. मी तशीच पडून राहिले.

"लागलं?"

"नाही."

"मग ऊठ."

मी उठले. शनिवारी मला जायचं नाही, एवढं मी बाईंना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. जिन्यात निरोप घेताना मात्र त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, आणि वहीबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

शुक्रवारी मला शंभरदा वाटलं की वर जावं आणि ते पान फाडून आणावं. बाईंकडे स्की मागायला जिन्याच्या चार पायऱ्या चढलेही. बाहेर वादळ सुटलं होतं, हात पुढे केला तर दिसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी ते वाचावं असंही मला वाटत होतं.

शनिवारी सकाळी नकाशा पसरला गेला. "तळ्याभोवती," हे म्हणाले. "मी वर जाऊन येतो." मी "बरं" म्हटलं. माझ्याकडूनही त्या दिवशी एकच शब्द गेला. तळ्यावर मी गेलेच नाही. खिडकीपाशी बसून राहिले.

हे साडेअकराला परत आले. गाल लाल नव्हते. बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी स्वयंपाकघरात उभी होते. दोघांमध्ये टेबल होतं.

"चहा टाकू?"

"टाक."

मी पाणी ठेवलं. हे खुर्चीत बसले, हात टेबलावर ठेवले.

"इंगेबोर्गबरोबर गेलीस?"

"हो."

"केव्हापासून शिकत होतीस?"

"नोव्हेंबरपासून."

ह्यांनी मान हलवली. चहा उकळला, मी गाळला, कप पुढे ठेवला. मला वाटलं आता बोलतील. भांडतील, माफी मागतील, माझं का वाचलंस म्हणतील. वाचायला तर ठेवलं होतंत, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. दोन दिवस घासून घासून तयार केलं होतं.

"वळणावर पडलीस?"

"पडले."

"लागलं नाही ना?"

"नाही."

"पुढच्या शनिवारी मी तुझ्याबरोबर येतो," हे म्हणाले. "तळ्यावर."

"वर जाऊ या की दोघं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण फार बारीक आला. "मला जमतं आता."

"नको. तळ्यावर बरं आहे."

आणि पुढच्या शनिवारी हे आले. शेजारच्या चरांतून, माझ्या वेगाने, पोरांच्या आणि आजोबांच्या मधून. मला बोलायला एकही गोष्ट सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा. काठ्यांचा आवाज तेवढा येत होता. लांबच्या काठाला ह्यांनी विचारलं, "थांबू या का जरा?" मी म्हटलं, नको. फेरी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "अजून एक?" मी हो म्हटलं, कारण घरी जायची मला भीती वाटत होती.

चौदा हिवाळे आम्ही त्या तळ्याभोवती फिरलो. मी जे मागत होते ते मला मिळालं, अगदी मागितलं होतं तसंच, माझ्या बाजूला, दर शनिवारी, नऊ ते दीड. हे पुन्हा वर गेले नाहीत. तिसऱ्या वर्षी मी धीर करून म्हटलं होतं, "तुम्ही जात जा ना एकटे. मी मागे नाही येणार. शपथ." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "कशाला?" म्हणाले. "इथे बरं आहे." मी संध्याकाळचं बोलणं कमी केलं होतं. आधी वाटलं, जागा सोडली की हे ती भरून काढतील. मग घरात दोघं गप्प राहायला शिकलो, आणि पाहुणे म्हणायचे, किती शांत घर आहे तुमचं.

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. दिवस झाल्यावर सगळे पांगले आणि मी घर उपसायला घेतलं. टेबलाचे खण, फायली, प्रयोगशाळेतून आलेली खोकी, कोटांचे खिसे, पुस्तकांची शेवटची कोरी पानं, नकाशांच्या पाठी. कुठे चार ओळी लिहून ठेवल्या असतील असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांत एखाद्या दिवशी तरी न राहवून. तीन आठवडे शोधलं. मराठीत लिहिलेली एक ओळ मिळाली नाही. मिळाली असती तर काहीही चाललं असतं, माझ्या विरुद्ध असती तरी चाललं असतं.